सशांची पंगत

९ फेब्रुवारी २०१६

आज घरी पुन्हा अर्धंच खरं सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, कॉलेजात तुझं नेमकं काम काय गं? मी म्हटलं, औषधांच्या खोलीची देखरेख. त्या लगेच मठात जाऊन स्वामींना तेवढंच अभिमानानं सांगून आल्या. त्या खोलीत बारा ससे आहेत हे मी सांगितलेलं नाही. आमच्या लिंगायताच्या घरात अंडं शिवत नाहीत, तिथे मी सशांना धरून बसते हे कुठल्या तोंडानं सांगू?

नोकरी अण्णांमुळे लागली. माझे वडील, गुंडप्पा, साखर कारखान्याचे पहिल्यापासूनचे सभासद. कारखान्याच्या संस्थेनं फार्मसी कॉलेज काढलं तेव्हा सभासदांच्या घरातली माणसं आधी घ्यायचं ठरलं, आणि मला बारावीवर प्राणीघर मिळालं. यंदा ऊसच नाही म्हणून बॉयलर पेटला नाही, पण कॉलेज चालू आहे. आमच्या ह्यांचं किराणा दुकान आहे, तिथे उभं राहिलं की कळतं, घरात कुणाची तरी नोकरी असणं आता किती गरजेचं आहे ते.

आज कॉलेजात औषधावर संशोधन करणाऱ्या सानप सरांनी सशांच्या डोळ्यांना जखम केली. आधी गुंगीचं औषध दिलं, मग प्रत्येकाच्या एका डोळ्यावर दाहक औषधात बुडवलेला टिकलीएवढा कागद ठेवला आणि लगेच डोळा धुऊन काढला. धरायला मी होते. सर म्हणाले, ताई, बघू नका हवं तर, पण हात हलू देऊ नका. हात हलला नाही. घरी भाकरी थापताना मात्र सारखा हलत होता.

सर कारण समजावून सांगतात, मला आवडतं ते. उसाचं पान सपकन डोळ्याला लागतं. जखम भरते, पण बुबुळावर पांढरा डाग राहतो. आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडलं. सरांचं औषध जखम भरताना तो डाग दाट होऊ देत नाही, असं त्यांना वाटतं. वाटतं ते खरं आहे का, हे ससे सांगणार. वरच्या रांगेतल्या सहा सशांना लाल बुचाच्या बाटलीतले थेंब, खालच्या सहांना निळ्या बुचाच्या. दिवसातून तीन वेळा, महानंदानं, म्हणजे मी टाकायचे.

१३ फेब्रुवारी

टँकरच्या रांगेत रतनबाई भेटल्या. आमच्या मागच्या गल्लीतल्या, उमापूरचं माहेर. नवरा-बायको कोयत्यावर गेलते, म्हणजे ऊसतोडीला, तिकडेही ऊस संपला म्हणून लवकर परतले. उजव्या डोळ्यात पांढरं फूल. जानेवारीत पान लागलं, मुकादमानं दवाखान्याला सुट्टी दिली नाही, म्हणाला, संध्याकाळी बघू. त्या संध्याकाळी गाडी भरायची होती.

रांगेतल्या बाया मला बघून कुजबुजत होत्या, सशाला पानी मिळतंय आन मान्साला न्हाई. मी ऐकलं नाही असं दाखवलं; सासूबाईंच्या कानावर हे अजून गेलं नाही, एवढंच नशीब. रतनबाईंनी मात्र कॉलेजातल्या औषधाचं ऐकलं होतं; हात धरून बाजूला घेतलं आणि विचारलं, "ते औषध मला येक बाटली न्हाई का मिळायची?"

दुपारी सरांना विचारलं. ते एकदम ताठ झाले. म्हणाले, अजून तपासलेलं नाही, आणि डोळ्यात उसाच्या पानाची बुरशी शिल्लक असली तर ह्या औषधानं आहे तो डोळाही जाईल. शिवाय हे ताज्या जखमेसाठी आहे, जुनं फूल निघेल असं मी म्हणत नाही. संध्याकाळी रतनबाईंना मी फक्त पहिला भाग सांगितला. दुसरा तोंडातून निघाला नाही. त्या म्हणाल्या, मंग थांबते मी, तपासून होऊ द्या. थांबायला त्यांना मी लावलं.

२४ फेब्रुवारी

वरच्या रांगेतले डोळे निवळायला लागले आहेत. मला चष्मा आहे तरी दिसतं. खालच्या रांगेत मात्र पांढरं दाट होत चाललंय, दही विरजल्यासारखं. खालच्या रांगेत कोपऱ्यात एक ससा आहे, थेंब टाकायला गेले की तोंड भिंतीकडे करतो.

आज न राहवून सरांना विचारलं, निळ्या बुचात काय आहे? ते डोळे तपासायच्या यंत्रावर डोळा लावून बसलेले, भान नव्हतं. म्हणाले, "काही नाही हो, नुसतं मिठाचं पाणी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, हे मी सांगायला नको होतं.

नुसतं मिठाचं पाणी. दिवसातून तीन वेळा मी त्या सहांचा डोळा उघडते, औषध टाकतेय असं दाखवते, आणि पाणी टाकते. सर म्हणतात, तुलना हवी, नाहीतर औषधानं बरं झालं की आपोआप, हे कसं कळणार? बरोबर असेल. मी बारावीत नापास होता होता राहिलेली, मी काय बोलणार. पण एका ओळीत बसलेल्यांपैकी एकाला तूप आणि एकाला कोरडं वाढलं, तर आमच्याकडे वाढणारीला जन्मभर बोल लागतो. पंक्तिभेदाइतकं पाप नाही, हे मी पाळण्यातून ऐकत आले.

८ मार्च

काल शिवरात्र झाली, आज मठात पारण्याची पंगत. दुष्काळ आहे म्हणून स्वामींनी निम्मंच शिजवलं. खिचडी आणि ताक. वाढायला मी होते. शेवटच्या ओळीला ताक पुरेना, तेव्हा स्वामींनी पहिल्या ओळीच्या वाट्या परत मागवल्या, सगळं पातेल्यात ओतलं, पाणी घातलं आणि सगळ्यांना सारखं वाढलं. पातळ झालं, पण एकही माणूस उपाशी पोटी दुसऱ्याच्या वाटीकडे बघत बसला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तशीच कॉलेजात गेले. आठवड्याच्या नव्या बाटल्या फ्रिजमध्ये होत्या. दोन्ही एका स्वच्छ काचेच्या भांड्यात ओतल्या, ढवळल्या, आणि निम्म्या निम्म्या परत भरल्या. लाल बूच लालला, निळं निळ्याला. कुणाचं काही कमी केलं नाही, चोरलं नाही, सांडलं नाही. वाटून दिलं, एवढंच.

घरी आले तर ह्यांनी विचारलं, आज लई खुशीत दिसतेस? मी म्हटलं, शिवरात्रीचं पुण्य. कित्येक दिवसांनी भाकऱ्या गोल झाल्या.

१९ मार्च

खालच्या रांगेचे डोळे सुधारताहेत. कोपऱ्यातला ससा आता भिंतीकडे तोंड करत नाही. वरच्यांचं जरा थांबल्यासारखं झालंय, पण मागे गेलेलं नाही. दर आठवड्याला नव्या बाटल्या आल्या की मी मिसळते. हाताला आता सवय झालीय.

सरांचं मात्र काहीतरी बिघडलंय. यंत्रासमोर बसतात, एकच ससा दोनदा तपासतात. आज जेवणाचा डबा तसाच परत नेला. मी म्हटलं, सर, सगळे बरे होताहेत, आनंदाची गोष्ट नाही का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कुणाच्या घरी सुतक असताना हसले. मग विचारलं, "ताई, थेंब बरोबर रांगेला जातात ना? लाल वर, निळं खाली?"

मी म्हटलं, हो. खोटं नव्हतं ते. बूच मी कधी बदललं नाही. तरी उत्तर दिल्यावर मान खाली का गेली, कळत नाही. लेकराबाळांचा माणूस, घरी काही ताण असेल, मी उगाच मनाला लावून घेते.

५ एप्रिल

आज चेअरमन विठ्ठलराव आणि संचालक मंडळ प्राणीघर बघायला आलं. चेअरमन सहज येत नाहीत, कुठूनतरी तक्रार आल्याशिवाय. गावानं अर्ज दिला होता की सशांचं पाणी बंद करा. सरांनी आठवडाभर तयारी केली होती. मला वाटलं, आता बाराही डोळे दाखवतील, शाबासकी मिळेल, त्यात माझंही थोडं असेल.

सर उभे राहिले आणि म्हणाले, औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या सशांत काहीही फरक नाही. म्हणजे जखमा आपोआप भरल्या. म्हणजे औषधाचा उपयोग नाही. सुरुवातीला मला फरक दिसत होता, पण कुठल्या बाटलीत काय आहे ते मला माहीत होतं, त्यामुळे मला जे हवं होतं तेच दिसलं असणार. असं करणाऱ्या माणसानं संशोधन करू नये.

एवढं सगळं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ट्रे तसाच जमिनीवर ठेवला. फरक मी पुसला. माझ्या ह्या हातांनी, काचेच्या भांड्यात ढवळून.

विठ्ठलराव वाईट बोलले नाहीत. म्हणाले, सर, परयत्न केला तुमी, आता हे बंद करा, गावाला तोंड द्यायचं हाय मला. सगळे चहा न घेताच गेले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. दारातच तर उभी होते.

६ एप्रिल

आज ससे संपवले. बुबुळं काढून तपासायची होती, हे पहिल्यापासून ठरलेलंच होतं. सर मला पूर्वी म्हणालेही होते, शेवटी बुबुळाचा पडदा काढून भिंगाखाली बघायचा. मी तेव्हा "शेवटी" म्हणजे काय, हे विचारलं नव्हतं. बरे झालेल्यांना सोडून देतील, असं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

कोपऱ्यातला स्वतःहून माझ्या हातात आला. आज लिंगपूजेला बसवलं नाही.

९ एप्रिल

काल पाडवा झाला. गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, सगळं रीतसर केलं. संध्याकाळी रतनबाई साखरेच्या गाठी घेऊन आल्या आणि औषधाचं विचारलं. सरांनी सांगितलंय तेच मी सांगितलं, त्यानं काही होत नाही म्हणे. त्यांनी गाठी माझ्या हातात दिल्या. मग म्हणाल्या, "जाऊ द्या. माजं ऱ्हाऊ द्या. सून येतीय आता, पोराच्या जोडीनं पुढल्या साली ती जाईल कोयत्यावर. तिच्यासाठी इचारत व्हते."

त्या गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, गप बस. तुझ्या मिसळण्याचं कुणाला कळणार आहे? उलट सांगितलंस तर नोकरी जाईल, आणि अण्णांचं नाव जाईल ते वेगळंच. ह्यांचं चुकीचं नव्हतं. घराचा विचार करून बोलले. पण मला सारखे सर दिसताहेत, आपल्या डोळ्यांवरचा विश्वास उडालेले. त्यांचे डोळे चांगले होते. त्यांना जे दिसलं ते खरं होतं, आणि ते जगात फक्त मला माहीत आहे. असं कुणाचं ओझं घेऊन जेवता येत नाही. मला तरी येत नाही.

१२ एप्रिल

सांगितलं. सर काचपट्ट्या पेटीत भरत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, बसले असते तर उठून पळाले असते.

त्यांना आधी कळेना. दोनदा विचारलं, दोन्ही बाटल्या? कधीपासून? मी म्हटलं, शिवरात्रीच्या पारण्यापासून. आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. म्हणाले, "म्हणजे मला दिसत होतं ते खरं होतं." मला वाटलं, सुटले मी.

मग ते खुर्चीत बसले. हातानं त्या काचपट्ट्यांशी चाळा करत राहिले. मी वाट बघत होते, ओरडतील, निघा म्हणतील. तेवढ्याचीच तयारी करून गेले होते. शेवटी म्हणाले, पण हे कुणाला दाखवता येणार नाही. पुन्हा करावं लागेल, पहिल्यापासून. आणखी बारा ससे.

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. सहांवर अन्याय नको म्हणून मी वाटायला बसले, त्यात बारा फुकट गेले, आणि आता आणखी बारा डोळे जळणार. सर म्हणाले, निळ्या बुचाचं तुम्हाला सांगितलं ही माझी चूक आहे, दोष सगळा तुमचा नाही. माणूस भला आहे. पण त्यानं मला काही हलकं वाटलं नाही. जेवढा माझा आहे तेवढाच मला पेलत नाही.

१८ एप्रिल

मंडळासमोर सरांनी मला बोलू दिलं. मी म्हटलं होतं, मीच सांगणार. एक संचालक हसले, म्हणाले, बाईनं सशांची पंगत घातली की. बाकीचेही हसले. विठ्ठलराव हसले नाहीत. मला विचारलं, पंक्तिभेद नको म्हनून केलं? मी मान हलवली.

ते म्हणाले, "जनावरांच्या छावनीत मी बी हेच केलं. चारा आला निम्मा, सगळ्या दावनीला सारका वाटला. कुनी बोट दाखवलं न्हाई मला. पर एकाबी जनावराचं पोट भरलं न्हाई. बाई, तुमी न्याय केला, पर जागा चुकली."

पुन्हा पहिल्यापासून करायची परवानगी दिली. अट एकच, सशांसाठी टँकरचं पाणी मिळणार नाही. मी म्हटलं, माझ्या घरच्या वाट्यातलं आणीन. बोलून गेले आणि मग कळलं, आता घरी सगळं सांगावं लागणार.

सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि रात्री माझ्या हातचं जेवल्या नाहीत. स्वतः उठून थोडं दूध घेतलं. 

२ मे

नवे ससे आले. पहाटे निघाले तेव्हा दारात भरलेली कळशी ठेवलेली होती. ह्यांनी ठेवली असेल म्हणून विचारलं, तर ते अजून झोपलेले. सासूबाई देवघरात पाठमोऱ्या बसल्या होत्या. म्हणाल्या, "पूजा करून मंग जात जा. आल्यावर न्हाऊन घे. आन त्यांना पानी वेळेवर दे."

बारांनाही मीच धरलं. सर म्हणाले होते, ह्या वेळी शिपायाला सांगतो. मी नको म्हटलं. कुणीतरी धरायचंच होतं, आणि हे बारा माझ्या खात्यावरचे आहेत. पहिल्याला धरलं तेव्हा रडू आलं, पण हात हलला नाही. ह्या वेळी घरी आल्यावरही हलला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

बाटल्यांना आता दोन्हीकडे पांढरंच बूच आहे, वर नुसतं रांगेचं नाव. कुठलीत काय, ते सरांनाही माहीत नाही. दुसऱ्या एका मॅडमनी भरून दिल्या आणि कुठली कशाची ही नोंद स्वतःजवळ ठेवली. मला आता कुणी सांगणार नाही. मी विचारणारही नाही.

२४ मे

सांगायची गरज उरली नाही. एका रांगेचे डोळे निवळलेत, दुसरीचे पांढरे झालेत. सर आता डबा संपवून जातात.

पांढऱ्या रांगेला मी रोज पाणी टाकते. त्यांनाही तसंच नाव घेऊन, तसंच मानेवरून हात फिरवून. पाणी आहे हे मला माहीत आहे आणि ते माझ्यावर विश्वास ठेवून बसतात. हे रोज करायचं आणि रोज घरी जायचं. पूर्वी मला वाटायचं, पाप केलं की मन खातं आणि चांगलं केलं की हलकं होतं. तसं काही नसतं.

आज रतनबाई आल्या. त्यांना बघायचं होतं. सरांनी हो म्हटलं. सरांनीच त्यांना स्पष्ट सांगितलं की तुमचं फूल आता ह्यानं जाणार नाही, ताज्या जखमेलाच ह्याचा उपयोग. मी फेब्रुवारीत गिळलेलं वाक्य शेवटी त्यांनी सांगितलं. रतनबाईंनी मान हलवली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना ते बहुतेक आधीच कळलं होतं.

मग त्या पिंजऱ्यापाशी वाकल्या. निवळलेल्यांना बघितलं, पांढऱ्यांना बघितलं. एका पांढऱ्याला आपला डोळा जवळ नेऊन बघत राहिल्या. थेंबांची वेळ झाली होती, मी बाटली काढली.

"ह्याला कावून न्हाई देत ते चांगलं?"

मी म्हटलं, ह्याला दिलं तर तुमच्या सुनेला मिळणार नाही.

त्यांनी पदरानं आपला डोळा पुसला. मग म्हणाल्या, "मंग नका देऊ."

आणि त्यांनी स्वतःच पिंजऱ्यात हात घालून ससा बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि त्याचं डोकं माझ्यासाठी घट्ट धरलं. मी पाण्याचा थेंब टाकला.